कॉम्प्युटरसोबत आलेला ब्राउझर काढायचाय? आधी हे वाचा, मग अनइन्स्टॉल दाबा

सेटिंग्ज उघडायचं, ॲप्स, मग इन्स्टॉल्ड ॲप्स, लिस्टमध्ये खाली जाऊन मायक्रोसॉफ्ट एज, म्हणजे विंडोजसोबत येणारा ब्राउझर, शोधायचं, बाजूच्या तीन टिंबांवर क्लिक करायचं, आणि तिथे अनइन्स्टॉल लिहिलेलं असतं पण फिकट करड्या रंगात, कितीही दाबलं तरी ढिम्म. इथपर्यंत खूप जण येतात. घोळ इथून पुढे होतो, कारण बटण चालत नाही म्हटल्यावर माणूस सर्च करतो, कुठली तरी स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कमांडची फाइल, सापडते, ती ॲडमिन म्हणून रन करतो, ब्राउझर जातो आणि सोबत आणखी काय काय गेलं ते नंतर कळतं.

माझ्या मामेभावाच्या लॅपटॉपवर हेच झालं. त्याने एका व्हिडिओखाली दिलेली स्क्रिप्ट चालवली, एज गेलं, तो खूश. दुसऱ्या दिवशी मेलचं ॲप उघडलं तर नुसती पांढरी खिडकी, वर नाव, कोपऱ्यात बंद करायची फुली आणि मधे काहीच नाही. ॲप काढून परत टाकलं, तेच. रिस्टार्ट केलं, तेच. लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा मला पण आधी नेटचाच प्रॉब्लेम वाटला, मग इन्स्टॉल्ड ॲप्सची लिस्ट नीट वाचली तेव्हा दिसलं की वेबव्ह्यू२ रनटाइम नावाची एंट्रीच गायब आहे. स्क्रिप्टने एजच्या नावाचं जे जे दिसलं ते सगळं झाडून काढलं होतं. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवरून वेबव्ह्यू२ चा ऑफलाइन इन्स्टॉलर डाउनलोड केला, पेन ड्राइव्हने टाकला आणि पाच मिनिटांत मेल दिसायला लागले. तोपर्यंत त्याचा दीड दिवस गेला होता आणि एक महत्त्वाचा मेल वाचायचा राहिला होता. म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सिस्टिमसोबत आलेल्या ब्राउझरचे दोन भाग असतात. एक म्हणजे समोर दिसणारं ॲप, टॅब, ॲड्रेस बार, आयकॉन वगैरे. दुसरा म्हणजे वेबपेज रंगवून दाखवणारं इंजिन, आणि हे इंजिन फक्त ब्राउझर वापरत नाही, बाकीची ॲप्स पण वापरतात. विंडोजवर नवीन आउटलुक, नवीन टीम्स, टास्कबारवरचे विजेट्स हे सगळे वेबव्ह्यू२ वर चालतात. मॅकवर हेच काम वेबकिट करतं, मेलमध्ये फोटोवाला रंगीत ईमेल दिसतो तो त्याच्यामुळे. तुम्हाला राग ज्याचा येतो ते वरचं ॲप. ते काढता आलं तर काढा, नाही आलं तर गप्प बसवा, पण इंजिनला हात लावू नका.

आणि हा झगडा काही आजचा नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मायक्रोसॉफ्टवर केस केली तेव्हा मोठा वाद याच मुद्द्यावर होता, कंपनी म्हणत होती इंटरनेट एक्सप्लोरर हा विंडोजचाच भाग आहे, वेगळा काढता येत नाही, तर प्रिन्स्टनचे प्रोफेसर एडवर्ड फेल्टन यांनी सरकारच्या बाजूने साक्ष देताना तो काढून दाखवणारा प्रोग्रॅमच आणला. मग काढलं म्हणजे नक्की काय काढलं, आयकॉन काढला की आतला कोड काढला, यावर कोर्टात कीस पाडला गेला. आज आपण सेटिंग्जमध्ये अडकतो तो प्रश्न अगदी तोच आहे. पुढे युरोपियन कमिशनने विंडोजमध्ये ब्राउझर निवडायचा स्क्रीन दाखवायला लावला, तो २०१० पासून दिसायला लागला, आणि मधे विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ मध्ये तो दिसेनासा झाला म्हणून २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोचा दंड बसला. एवढी मोठी भांडणं झाल्यावर कुठे आज काही देशांत ते बटण करडं नसून चालू दिसतं, त्याचं पुढे सांगतो.

तर आता कामाला लागू. पण काढायच्या आधी तुमचं जे त्या ब्राउझरमध्ये आहे ते बाहेर काढा. मी तर तो ब्राउझर वापरतच नाही, असं प्रत्येकाला वाटतं, आणि मग आठवतं की लॅपटॉप नवीन होता तेव्हा पहिल्या महिन्यात सगळे लॉगिन तिथेच सेव्ह केले होते. एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबा, फेव्हरिट्स उघडतील, तिथल्या तीन टिंबांत एक्स्पोर्ट आहे, एचटीएमएल फाइल मिळते आणि ती कुठलाही ब्राउझर घेतो. पासवर्ड वेगळे काढावे लागतात, सेटिंग्जमध्ये पासवर्डच्या पानावर एक्स्पोर्ट असतं, त्याची सीएसव्ही फाइल बनते. या सीएसव्हीबद्दल नीट ऐका, ती साधी टेक्स्ट फाइल असते, कुणीही नोटपॅडमध्ये उघडली की तुमचा प्रत्येक पासवर्ड उघडा दिसतो. त्यामुळे नवीन ब्राउझरमध्ये इम्पोर्ट झालं, दोन-तीन साइटवर लॉगिन करून खात्री झाली, की लगेच ती फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिन पण रिकामा करा. डाउनलोड्समध्ये वर्षभर पडून राहिलेली अशी फाइल मी लोकांच्या मशीनवर बघितली आहे आणि खरंच पोटात गोळा येतो.

सेव्ह केलेली कार्डं सहसा अशी फाइलने निघत नाहीत, ती हाताने परत टाका. एक्स्टेन्शन कुठली होती त्यांची नावं लिहून ठेवा. ब्राउझर अकाउंटशी सिंक केलेला असेल तर डाटा सर्व्हरवर पण असतो, पण मी नुसत्या सिंकवर विसंबून राहू नका म्हणेन, फाइल हातात असली की निवांत.

आणि दुसरा ब्राउझर आधी इन्स्टॉल करा, उघडून बघा, तो डिफॉल्ट करा आणि मगच पहिल्याकडे वळा. सांगायला साधं वाटतं, पण एकमेव ब्राउझर काढून मग नवीन डाउनलोड कुठून करायचा म्हणून बसलेले लोक असतात. असं झालंच तर घाबरू नका, विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडा, तिथे फायरफॉक्स मिळतो. टर्मिनलची सवय असेल तर विंगेट इन्स्टॉल मोझिला डॉट फायरफॉक्स एवढी कमांड पुरते, अर्थात इंग्रजीत टाइप करायची, ब्राउझरची गरज पडत नाही.

विंडोजवर आणखी एक, रीस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या स्थितीला परत नेता येते. स्टार्टमध्ये रीस्टोअर पॉइंट टाइप केलं की क्रिएट अ रीस्टोअर पॉइंट येतं, तिथे सी ड्राइव्हचं प्रोटेक्शन ऑन आहे ना बघा, नसेल तर कॉन्फिगरमध्ये जाऊन ऑन करा, मग क्रिएट. दोन मिनिटांचं काम आहे.

आता विंडोजचं बघू, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिथलेच असतात.

इंटरनेट एक्सप्लोरर काढायचाय असं अजून कुणी विचारतं, तर विंडोज १० वाल्यांसाठी तो प्रश्न सुंठीवाचून खोकला गेल्यासारखा सुटलाय. त्याचा सपोर्ट १५ जून २०२२ ला संपला आणि १४ फेब्रुवारी २०२३ ला एजच्या अपडेटमधून तो कायमचा बंद केला गेला, आयकॉन दाबला तरी एजच उघडतं. जुनं विंडोज ७ किंवा ८ एखाद्या मशीनवर असेल तर कंट्रोल पॅनलमध्ये टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ मध्ये जाऊन त्याची टिक काढता येते, रिस्टार्ट मागतो, ॲप जातं. इंजिन मात्र आतच राहतं, कारण मदतीची पानं आणि कितीतरी जुनी सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतात. एखाद्या ऑफिसच्या जुन्या साइटला एक्सप्लोररच लागतो अशी अडचण असेल तर एजमध्ये आयई मोड, म्हणजे एजच्या आतच एक्सप्लोररसारखी साइट उघडायची सोय, आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत ठेवणार असं कंपनीने सांगितलंय. म्हणजे अशी साइट रोज वापरणाऱ्यांनी एज काढायच्या भानगडीत पडूच नये, ती साइट दुसरीकडे कुठे उघडायची नाही.

आता एज. तुमचा कॉम्प्युटर युरोपियन इकॉनॉमिक एरियामधला असेल, म्हणजे युरोपियन युनियनचे २७ देश आणि वर आइसलंड, लिक्टेनस्टाइन, नॉर्वे, तर तुमचं काम एकदम सोपं. डिजिटल मार्केट्स ॲक्ट नावाचा कायदा या मोठ्या कंपन्यांना मार्च २०२४ पासून पाळावा लागतोय आणि त्यामुळे तिथल्या विंडोजमध्ये एजचं अनइन्स्टॉल बटण खरोखर चालतं. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, एज, तीन टिंबं, अनइन्स्टॉल, संपलं. वेबव्ह्यू२ मागे राहतं आणि राहू द्यायचं. बटण दिसत नसेल तर आधी विंडोज पूर्ण अपडेट करा.

बाकी जगात बटण करडं. इथे एक जण तरी म्हणतोच की मग सेटिंग्जमध्ये जाऊन रिजन बदलू, एखादा युरोपातला देश टाकू. तसं होत नाही हो, कारण विंडोज पहिल्यांदा सेटअप करताना जो देश निवडला होता तो धरला जातो. मग पुढची युक्ती सांगितली जाते ती सिस्टिम३२ फोल्डरमधल्या एका जेसन फाइलची, तिच्यात कुठल्या देशात काय काय करता येईल याच्या नोंदी असतात आणि एज अनइन्स्टॉल करता येईल का ही त्यातलीच एक नोंद, ती डिसेबल्डची इनेबल्ड केली की बटण चालू होतं. युक्ती खोटी नाही. पण ती फाइल बदलायला आधी तिची मालकी सिस्टिमकडून स्वतःकडे घ्यावी लागते, परमिशन बदलाव्या लागतात, आणि एखादं मोठं अपडेट आलं की फाइल परत मूळची होऊ शकते. घरातल्या रोजच्या मशीनवर मी हे करत नाही आणि कुणाला सांगत पण नाही. ज्याला मालकी आणि परमिशन म्हणजे काय हे माहीत आहे आणि मशीन फॉर्मॅट करायची तयारी आहे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर करावं.

दुसरी जुनी युक्ती म्हणजे प्रोग्रॅम फाइल्सच्या आत मायक्रोसॉफ्ट, एज, ॲप्लिकेशन, मग व्हर्जन नंबरचं फोल्डर, त्यात इन्स्टॉलर, आणि तिथल्या सेटअप फाइलला कमांड प्रॉम्प्टमधून फोर्स अनइन्स्टॉल असं सांगायचं. काही वर्षांपूर्वी हे चालायचं, आजही शेकडो ठिकाणी लिहिलेलं सापडतं, म्हणून लोक करतात आणि एंटर दाबल्यावर काहीच होत नाही, ना एरर ना मेसेज, आणि मग स्पेलिंग चुकलं का म्हणून परत परत टाइप करत बसतात. तुमचं काही चुकत नाहीये, नव्या व्हर्जनमध्ये ती वाट बहुतेक बंद आहे, सोडून द्या.

तिसरा प्रकार फोल्डरच उडवून टाकायचा. हा सगळ्यात वाईट. फाइल्स गेल्या तरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सगळ्या नोंदी तशाच, विंडोजला वाटतं एज आहे, पीडीएफवर डबल क्लिक केलं की एरर, आणि पुढच्या अपडेटला एज परत हजर. ये रे माझ्या मागल्या. तसंच कुणी सांगतं की सर्व्हिसेसमध्ये जाऊन एज अपडेटच्या सर्व्हिस बंद करा म्हणजे परत येणार नाही. ते पण करू नका, वेबव्ह्यू२ ला सिक्युरिटी अपडेट त्याच अपडेटरमधून मिळतात, ते बंद केलं की तुमचं मेलचं ॲप जुन्या भोकं असलेल्या इंजिनवर चालत राहणार आणि तुम्हाला कळणार पण नाही.

मग करायचं काय? गप्प बसवायचं. मी माझ्या आणि घरच्यांच्या सगळ्या मशीनवर हेच केलंय, साप मरावा आणि काठी पण तुटू नये, आणि एकदा नीट केलं की महिनोन्महिने एज डोळ्यांसमोर येत नाही.

आधी डिफॉल्ट. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स, तिथे तुमच्या ब्राउझरचं नाव शोधा, त्यावर क्लिक करा, वरच सेट डिफॉल्ट बटण आहे ते दाबा. विंडोज ११ नवीन आलं तेव्हा हे बटण नव्हतं, एकेक फाइल टाइप वेगळा बदलावा लागायचा, २०२२ च्या अपडेटमध्ये ते आलं. पण या एका बटणाने पीडीएफ बदलतीलच असं धरू नका आणि इथेच लोक फसतात, सगळं बदललं म्हणतात आणि एखादं बिल उघडलं की एज समोर. म्हणून त्याच डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर सगळ्यात वर जी टाइप करायची जागा आहे तिथे डॉट पीडीएफ टाका, आत्ता कुठलं ॲप आहे ते खाली दिसेल, त्यावर क्लिक करून तुमचा पीडीएफ रीडर किंवा नवीन ब्राउझरच निवडा.

मग एज शेवटचं एकदा उघडा आणि त्याच्याच सेटिंग्जमध्ये सिस्टिम अँड परफॉर्मन्स बघा. तिथे स्टार्टअप बूस्ट नावाचा स्विच आहे, त्याच्यामुळे तुम्ही न उघडता सुद्धा एज कॉम्प्युटर चालू होताना मागे अर्धवट चालू होऊन बसतं, तो ऑफ करा. त्याच्या जवळच एज बंद केल्यावर पण बॅकग्राउंडला एक्स्टेन्शन आणि ॲप चालू ठेवा अशा अर्थाचा दुसरा स्विच आहे, तो पण ऑफ. रॅम कमी असलेल्या मशीनवर या दोन स्विचनी फरक पडतो. पडला का ते बघायचं असेल तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि एजच्या नावाखाली आधी किती प्रोसेस होत्या आणि आता किती ते मोजा. मात्र तिथे वेबव्ह्यू२ नावाच्या प्रोसेस दिसल्या तर त्या एज नाहीत, कुठलं तरी ॲप ते इंजिन वापरतंय, त्यांना मारू नका. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप ॲप्सचा टॅब आहे, तिथे एज दिसलं तर डिसेबल करा.

काहींचं एज रिस्टार्टनंतर आपोआप उघडतं, तेव्हा ते स्टार्टअपमध्ये सापडत नाही आणि माणूस चक्रावतो. ते येतं दुसरीकडून. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन इन ऑप्शन्स, तिथे खाली परत साइन इन केल्यावर ॲप्स पुन्हा चालू करा असा स्विच आहे, बंद करताना जी ॲप्स उघडी होती ती विंडोज परत उघडतं. तो ऑफ केला की प्रश्न मिटतो.

टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून अनपिन, डेस्कटॉपवरचा शॉर्टकट डिलीट, स्टार्टमधूनही अनपिन. विजेट्स वापरत नसाल तर पर्सनलायझेशन, टास्कबार, विजेट्स ऑफ, कारण त्यातल्या बातमीवर चुकून क्लिक झालं की लिंक तुमच्या डिफॉल्टला न जुमानता एजमध्ये उघडते. स्टार्टच्या सर्चमधून वेबवरचा रिझल्ट निवडला तरी तेच होतं. हे असं का, तर त्या लिंक साध्या वेब लिंक नसतात, त्यांच्यापुढे खास एजसाठीचा प्रोटोकॉल लावलेला असतो. पूर्वी एजडिफ्लेक्टर नावाचं एक छोटं ॲप या लिंक पकडून आपल्या ब्राउझरकडे वळवायचं, २०२१ च्या शेवटी विंडोजने ती पळवाट बंद केली. त्यामुळे सोपा उपाय म्हणजे वेबवरचं काही शोधायचं असेल तर स्टार्टमध्ये शोधू नका, सरळ ब्राउझर उघडून शोधा.

क्लासिक आउटलुकमधल्या लिंक एजमध्ये उघडत असतील तर ते आउटलुकचं स्वतःचं सेटिंग आहे. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, तिथे लिंक हँडलिंग शोधा आणि डिफॉल्ट ब्राउझर निवडा. हे एक कुणालाच माहीत नसतं.

मॅकचं थोडक्यात सांगतो कारण तिथे करण्यासारखं कमी आहे. ॲप्लिकेशन्समधून सफारी ओढून ट्रॅशमध्ये टाकायला गेलात की मॅकओएसला ते लागतं म्हणून काढता येणार नाही असा मेसेज येतो. हा नुसता मेसेज नाही, मॅकओएसच्या २०१५ च्या एल कॅपिटन व्हर्जनपासून सिस्टिमच्या फाइल्सना हात लावू न देणारं सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आहे, २०१९ च्या कॅटलिनापासून सिस्टिमचा भाग डिस्कच्या वेगळ्या फक्त वाचता येणाऱ्या व्हॉल्यूमवर आहे आणि २०२० च्या बिग सरपासून त्या व्हॉल्यूमवर डिजिटल सही असते, आत काही बदललं की सही जुळत नाही. रिकव्हरीत जाऊन हे सगळं संरक्षण काढून सफारी उडवायच्या पद्धती फिरत असतात, पण एका ब्राउझरसाठी अख्ख्या मशीनची सुरक्षा उघडी टाकायची म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यापेक्षा सिस्टिम सेटिंग्ज, डेस्कटॉप अँड डॉक, त्यात डिफॉल्ट वेब ब्राउझर बदला, व्हेंचुरापेक्षा जुनी सिस्टिम असेल तर हे सिस्टिम प्रेफरन्सेसमध्ये जनरलखाली मिळेल. मग डॉकमधल्या सफारीवर राइट क्लिक, ऑप्शन्स, रिमूव्ह फ्रॉम डॉक. जागा हवी असेल तर सफारीच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मॅनेज वेबसाइट डाटा, तिथून सगळं साफ करा. पासवर्ड सफारीत नसून कीचेनमध्ये, म्हणजे मॅकच्या पासवर्डच्या तिजोरीत, असतात, सिक्वोयापासून पासवर्ड्स नावाचं वेगळं ॲप आहे, त्यामुळे सफारी वापरणं सोडलं म्हणून ते कुठे जात नाहीत.

क्रोमबुकवर क्रोम काढायचा विचार सोडून द्या, तिथे ब्राउझर हाच सिस्टिमचा गाभा आहे.

लिनक्सवर मात्र खरोखर काढता येतो, आणि म्हणूनच तिथे जास्त सावध राहायचं, कारण अडवणारं कुणी नाही. उबंटूचं आधी घेऊ. २२.०४ पासून उबंटूवर फायरफॉक्स फक्त स्नॅप म्हणून, म्हणजे उबंटूच्या वेगळ्या बंदिस्त पॅकेजच्या रूपात, येतो. लोक सवयीने ॲप्ट, म्हणजे सॉफ्टवेअर टाकायचं-काढायचं नेहमीचं साधन, वापरून सुडो ॲप्ट रिमूव्ह फायरफॉक्स करतात, रिमूव्ह झालं असं दिसतं, आणि मेनूत फायरफॉक्स जसाच्या तसा. कारण ॲप्टमधलं ते पॅकेज नुसतं पोकळ आहे, त्याचं काम फक्त स्नॅप आणून देणं, खरा ब्राउझर स्नॅपमध्ये. त्यामुळे कमांड अशी, सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स, सगळी अक्षरं स्मॉल. असं काढलं की स्नॅप तुमच्या डाटाचा एक स्नॅपशॉट आपोआप ठेवतं आणि तो ३१ दिवस राहतो, चुकून काही राहिलं असेल तर स्नॅप सेव्ह्ड कमांडने यादी बघून परत आणता येतं. मागे काहीच ठेवायचं नसेल तर रिमूव्हनंतर दोन डॅश देऊन पर्ज लिहा, पण बुकमार्क बाहेर काढल्याची खात्री असेल तरच, पर्जनंतर परतीची वाट नाही. तुमचं प्रोफाइल होम फोल्डरमध्ये स्नॅप, फायरफॉक्स, कॉमन या फोल्डरच्या आत लपवलेल्या मोझिला फोल्डरमध्ये असतं, ते अख्खं कॉपी करून ठेवलं की झालं.

यातली गंमत अशी की नंतर कधी तुम्हाला स्नॅप नको पण साधा फायरफॉक्स हवा असं वाटलं आणि ॲप्ट इन्स्टॉल केलंत की परत स्नॅपच येतो. त्यासाठी मोझिलाची स्वतःची ॲप्ट रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं भांडार, आहे, ती जोडायची आणि ॲप्टच्या प्रेफरन्सेसमध्ये तिला जास्त प्रायॉरिटी द्यायची, मोझिलाने त्यांच्या साइटवर सगळ्या कमांड क्रमाने दिल्यात, त्या तशाच करा, मधली प्रायॉरिटीची पायरी गाळू नका, नाहीतर उबंटूचं पोकळ पॅकेज जिंकतं.

डेबियनवर फायरफॉक्स ईएसआर, म्हणजे जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती, असतो, साध्या ॲप्टने निघतो. पण रिमूव्ह दाबल्यावर जी यादी येते ती शांतपणे वाचा. डेस्कटॉपचं मोठं मेटापॅकेज, म्हणजे बाकीची पॅकेजेस एकत्र आणणारं पॅकेज, एखाद्या तरी ब्राउझरवर अवलंबून असतं, दुसरा चालणारा ब्राउझर नसेल तर ब्राउझरसोबत ते मेटापॅकेजही काढतो असं ॲप्ट सांगतं. तेवढ्याने लगेच काही बिघडत नाही. बिघडतं पुढच्या पायरीला, कुणीतरी सांगितलेलं असतं की साफसफाईसाठी ऑटोरिमूव्ह करा, आणि आता मेटापॅकेज गेल्यामुळे ॲप्टला वाटतं की फाइल मॅनेजर, टर्मिनल, सेटिंग्ज हे सगळं कुणालाच नको आहे, ती लांबलचक यादी येते, माणूस न वाचता वाय दाबतो आणि पुढच्या रिस्टार्टला डेस्कटॉप अर्धा गायब. म्हणून क्रोमियम किंवा एपिफनी असा दुसरा ब्राउझर आधी टाका, मग ईएसआर काढा, आणि ऑटोरिमूव्हच्या यादीत ओळखीची नावं दिसली की एन दाबा आणि थांबा. फेडोरावर सुडो डीएनएफ रिमूव्ह फायरफॉक्स, तिथेही कन्फर्म करायच्या आधी यादी येते, तीच काळजी. मिंटवर सॉफ्टवेअर मॅनेजर उघडून रिमूव्ह दाबलं तरी चालतं.

कुठल्याही सिस्टिमवर काढून किंवा गप्प बसवून झालं की दोन मिनिटं टेस्ट करा. ईमेलमधली एक लिंक उघडा, एक पीडीएफ उघडा, डेस्कटॉपवर सेव्ह केलेलं एखादं वेबपेज उघडा, आणि रोज वापरता ती ॲप्स एकेकदा चालू करून बघा. काही पांढरं किंवा कोरं दिसलं तर तेव्हाच कळेल आणि कशामुळे झालं तेही आठवेल.

विंडोजवर काही बिघडलंच तर घाईने फॉर्मॅट करू नका. एज अर्धवट निघालं असेल तर इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये त्याच्या तीन टिंबांत मॉडिफाय आहे, तिथे रिपेअर, नेट चालू पाहिजे, ते एज नव्याने बसवतं आणि तुमचा डाटा तसाच राहतो. एंट्रीच नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून एजचा इन्स्टॉलर परत चालवा. ॲप्स कोरी दिसत असतील तर वेबव्ह्यू२ रनटाइम, मामेभावाच्या लॅपटॉपवर टाकला तोच. तरी नाही जमलं तर रीस्टोअर पॉइंट.

आणि वर्षाकाठी विंडोजचं मोठं अपडेट येतं त्यानंतर चार जागा परत बघा, टास्कबारवर आयकॉन आलाय का, डेस्कटॉपवर शॉर्टकट आलाय का, डॉट पीडीएफ अजून तुमच्याच ॲपकडे आहे का, आणि स्टार्टअप बूस्ट ऑफ आहे का. अपडेटनंतर कधी कधी पूर्ण स्क्रीनभर आपला कॉम्प्युटर सेटअप पूर्ण करा असं पान येतं, त्यात रेकमेंडेड ब्राउझर सेटिंग वापरा असा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो, तिथे नेक्स्ट नेक्स्ट न करता आत्ताची सेटिंग्ज ठेवा हा पर्याय निवडा आणि मगच पुढे जा.